गळतीचं प्रकरण

हर्मन मेलव्हिलच्या 'मोबी डिक' या कादंबरीच्या १०९व्या प्रकरणात पीक्वॉड या देवमासे मारणाऱ्या जहाजावर गळती लागते. सकाळी नेहमीसारखा पंप चालवतात, तर पाण्याबरोबर बरंच तेल वर येतं. म्हणजे खाली पोटात रचून ठेवलेल्या पिंपांपैकी कुठलं तरी फुटलंय. चीफ मेट स्टारबक कॅप्टन अहाबच्या केबिनमध्ये जातो आणि सांगतो की जहाज थांबवून पिंपं वर काढावी लागतील, नाहीतर वर्षभरात भरून निघणार नाही एवढं तेल एका दिवसात वाया जाईल. अहाबच्या पुढ्यात जपानच्या बाजूच्या समुद्राचे नकाशे पसरलेले आहेत. तो म्हणतो, गळू दे. मी स्वतःच सगळीकडून गळतोय.

हे प्रकरण जेमतेम दोन-तीन पानांचं. पहिल्यांदा कादंबरी वाचली तेव्हा ते नजरेखालून गेलं असणारच, पण त्यातलं अक्षरही लक्षात राहिलं नव्हतं. या खेपेला तिथे पोचलो आणि पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो. मधली कित्येक वर्षं मी जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली होती. गळती म्हणजे काय, आणि ती सांगायला वरिष्ठाच्या दारावर टकटक करणं म्हणजे काय, हे माझ्या अंगावरून गेलं होतं.

पहिलं वाचन झालं तेव्हा मी मरीन इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेली जाडजूड पेपरबॅक प्रत, समासात आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणा. इंग्रजी भयंकर जड. बायबलचं वळण, शेक्सपिअरचं वळण, आणि मधेच जहाजाच्या दोरखंडांची अशी नावं की शब्दकोशानेही हात टेकावेत. तरी ती कादंबरी मला चढली, दुसरा शब्द नाही. अहाबचं डेकवरचं भाषण मी हॉस्टेलच्या गच्चीवर मोठ्याने म्हणायचो. हे दिसणारं जग म्हणजे पुठ्ठ्याचे मुखवटे आहेत, त्यांच्यामागे कुणीतरी आहे, मारायचंच असेल तर मुखवटा फोडून मारा. सूर्याने माझा अपमान केला तर मी सूर्यालाही तडाखा देईन. त्या वयात हे वाचून ज्याचं रक्त उसळत नाही त्याची मला काळजी वाटेल. पाय तोडणारा पांढरा देवमासा, त्याचा सूड घ्यायला निघालेला, देवमाशाच्याच हाडाचा पाय लावलेला म्हातारा, तीन दिवसांचा पाठलाग. कादंबरी म्हणजे माझ्यासाठी एवढंच होतं आणि ते भरपूर होतं.

आता नोकरी किनाऱ्यावर आहे. हार्बर लाइनच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली की तीच प्रत उघडायची, असं करत मी ती पुन्हा पूर्ण केली. आणि यावेळी जे पुस्तक वाचलं ते माणसांच्या कामाचं पुस्तक होतं. अहाब त्यात आहे, पण तो बराच काळ केबिनमध्ये असतो. डेकवर, शिडांवर, होडीत, भट्टीशी, जहाजाच्या पोटात सतत कुणीतरी काहीतरी करत असतं, आणि मेलव्हिल ते करणं सोडत नाही.

कादंबरीची १३५ प्रकरणं आहेत आणि शेवटी एक छोटा उपसंहार. ज्याच्यासाठी हा सगळा प्रवास चाललाय तो मोबी डिक समोर येतो शेवटच्या फक्त तीन प्रकरणांत. तोवर काय? तर देवमाशांचं वर्गीकरण, आणि तेही पुस्तकांच्या आकारांप्रमाणे: फोलिओ देवमासे, ऑक्टेव्हो देवमासे. मग देवमाशाचं डोकं, शेपूट, सांगाडा, फवारा, हार्पूनला, म्हणजे देवमाशावर फेकायच्या भाल्याला, बांधलेला दोर कसा गुंडाळतात, चरबी कशी सोलतात. बरेच वाचक ३२व्या प्रकरणाच्या आसपास पुस्तक खाली ठेवतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण मला आता ठाम वाटतं की ही प्रकरणं काढली तर कादंबरी खोटी होईल. समुद्रावरचा काळ असाच असतो. देवमाशांच्या शिकारीच्या सफरी तीन-तीन, चार-चार वर्षांच्या असत. त्यातले शिकारीचे तास किती? बाकीचा सगळा वेळ वाट बघणं, सांभाळणं, घासणं, दुरुस्त करणं. आमच्याही करारात सांगण्यासारखं काही घडायचं ते एखाद्या दिवशी. उरलेले दिवस फिल्टर उघडा, धुवा, बसवा, तापमानं लिहा, बिल्ज, म्हणजे तळाशी साचणारं पाणी, बघा, पुन्हा फिल्टर उघडा. घरी आल्यावर लोक वादळाचं विचारतात. फिल्टरचं कुणी विचारत नाही. मेलव्हिलने विचारलंय.

७२व्या प्रकरणात एक दोर आहे. मेलेला देवमासा जहाजाच्या कुशीला बांधलाय, हार्पून फेकणारा क्वीक्वेग त्याच्या निसरड्या, अर्ध्या बुडालेल्या पाठीवर उभा राहून काम करतोय, आजूबाजूला शार्क घिरट्या घालताहेत. वर डेकवर इश्माएल, ही सगळी गोष्ट सांगणारा खलाशी. क्वीक्वेगच्या कंबरपट्ट्याला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक इश्माएलच्या कंबरपट्ट्याला. क्वीक्वेग खाली गेला आणि वर आलाच नाही तर दोर कापायचा नाही, आपणही खाली जायचं, असा त्या कामाचा धर्म. इश्माएल म्हणतो की आपण सगळेच असे कुणा ना कुणाला बांधलेले आहोत; तुमचा सावकार बुडाला की तुम्ही बुडालात, औषधवाल्याने चुकून विष दिलं की तुम्ही मेलात. टाकीच्या मॅनहोलपाशी मी असा अनेकदा उभा राहिलो आहे. फिटर आत, हातात त्याच्या दोराचं टोक, थोड्या थोड्या वेळाने हाक मारायची, उत्तर येईपर्यंत आपलाही श्वास अडकलेला. आमच्या नियमात मात्र बाहेरच्याने एकट्याने आत उडी मारायची सक्त मनाई असते, कारण आत गुदमरलेल्याला वाचवायला गेलेला दुसरा माणूस हमखास जातो. नियम बरोबर आहे. पण तिथे उभं असताना मनात जे चालतं ते इश्माएलच्या दोराचंच असतं.

भट्टीचं प्रकरण, ९६वं, मला या वाचनातलं सगळ्यात मोठं प्रकरण वाटतं. लाकडी जहाजाच्या डेकवर विटांची भट्टी, तिच्यात दोन अजस्र कढया, आणि त्यांत देवमाशाची चरबी कढवून तेल काढायचं. आग पेटवायला सुरुवातीला लाकूड लागतं, नंतर लागत नाही. तेल निघून गेल्यावर उरलेले चरबीचे कुरकुरीत तुकडेच भट्टीत टाकतात; देवमासा आपल्याच शरीराच्या आगीवर कढतो. धूर असा की श्वास घेववत नाही, पण घ्यावाच लागतो. मध्यरात्र. हार्पूनर भट्टीशी, ज्वाळा शिडांपर्यंत उसळताहेत, आणि इश्माएल सुकाणूवर. आगीकडे बघता बघता त्याला उभ्या उभ्या झापड येते. डोळे उघडतो तर समोर होकायंत्र नाही, नुसता काळोख, आणि जहाज कशापासून तरी दूर पळतंय असा भास. मग कळतं की झापडेत तो उलटा वळून जहाजाच्या मागच्या टोकाकडे तोंड करून उभा राहिलाय. वेळेवर सावरतो म्हणून जहाज उलटत नाही. आगीच्या तोंडाकडे फार वेळ बघू नकोस, असं तो वाचकाला बजावतो. सूर्य उगवला की हीच माणसं वेगळी दिसतील.

मी पहिली काही वर्षं जुन्या जहाजांवर काढली, जिथे इंजिन रूममध्ये चोवीस तास वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, असायची. बारा ते चारची वॉच कुणालाच नको असते. रात्री तीनच्या सुमाराला इंजिनचा आवाज आवाज राहत नाही, तो कवटीच्या आतून येऊ लागतो. कानांवर मफ्स, बॉयलर सूट पाठीला चिकटलेला, गरम तेलाचा वास नाकात मुरलेला. लॉगबुकात आकडे लिहिताना मी दोन ओळींमधली मोकळी जागा बघत राहायचो. एका रात्री बरोबरच्या ऑइलरने खांद्याला हात लावून मला वळवलं. मी कंट्रोल पॅनेलकडे पाठ करून बल्कहेडकडे, म्हणजे नुसत्या भिंतीकडे, बघत उभा होतो. ऑइलर काही बोलला नाही, चहा घेऊन आला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं काय हेच कळत नव्हतं. १८५१ साली छापलेल्या पुस्तकात ते जसंच्या तसं लिहिलेलं सापडलं.

आणि तेल काढून झालं, पिंपं खाली रचली, की साफसफाई. त्याच भट्टीतल्या राखेच्या खाराने डेक घासतात. दोन-तीन दिवसांपूर्वी जे जहाज खाटीकखाना होतं ते लखलखीत होतं, माणसं अंघोळ करून, स्वच्छ सदरे घालून जराशी उभी राहतात, आणि मानेची बटणं लावता लावता वरून हाक येते: देवमासा! पुन्हा होड्या खाली. मेलव्हिल म्हणतो, हे माणूसमार आहे, आणि हेच आयुष्य आहे. तो हे कुरकुरत म्हणत नाही, म्हणून त्याचं ऐकावंसं वाटतं.

मुंबईकराला अडखळायला लावणाऱ्या दोन जागा या पुस्तकात आहेत. एक म्हणजे ५५वं प्रकरण. देवमाशांची चित्रं जगभर कशी चुकीची काढली गेली याची झाडाझडती घेताना मेलव्हिल थेट घारापुरीला येतो. त्याच्या मते देवमाशाचं सगळ्यात जुनं चित्रण तिथल्या लेण्यात आहे: विष्णूचा मत्स्यावतार, अर्धा माणूस, अर्धा देवमासा. आणि तेही चुकलंय म्हणतो, शेपूट देवमाशाच्या रुंद पंखांसारखी नसून अजगराच्या निमुळत्या शेपटीसारखी आहे. पुढे ८२व्या प्रकरणात तो पर्सियस, सेंट जॉर्ज, हर्क्युलिस आणि योना यांच्या पंगतीत विष्णूला बसवतो आणि ही सगळी आपल्या धंद्यातली थोर माणसं म्हणून मिरवतो. मेलव्हिल भारतात कधी आला नव्हता, हे सगळं त्याने पुस्तकांतून उचललेलं.

हे वाचल्यावर मी आणि बायको एका रविवारी गेटवेवरून लाँच पकडून घारापुरीला गेलो. मुख्य लेणं शंकराचं. त्रिमूर्ती, अर्धनारीश्वर, गंगाधर, रावणाने हलवलेला कैलास, अंधकाचा वध. पोर्तुगीजांच्या काळापासून छिन्नविच्छिन्न झालेले हातपाय. मत्स्यावतार मला कुठे दिसला नाही. पण अंधकवधाच्या शिल्पासमोर मी बराच वेळ थांबलो. सगळा खालचा भाग गेलाय, पाय नाहीत, आणि वर तो चेहरा, डोळे बाहेर आलेले, संतापाने पिसाटलेला, कुणाला तरी संपवल्याशिवाय न थांबणारा. मेलव्हिलला हे शिल्प माहीत असतं तर त्याने शेपटीची चौकशी केली नसती.

दुसरी जागा फेदाल्लाह. अहाबने चोरून जहाजावर आणलेला हार्पूनर, अग्निपूजक, स्वतःच्याच पांढऱ्या केसांची वेणी पागोट्यासारखी डोक्याभोवती गुंडाळलेली. मेलव्हिल त्याला सरळ पारशी म्हणतो आणि सैतानाच्या सावलीसारखा रंगवतो. हे मला खुपलं आणि अजून खुपतं. ज्या समाजाने मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली त्याचा एकमेव प्रतिनिधी या सागरी महाकादंबरीत असा यावा! मेलव्हिलचा जन्म १८१९चा. त्याआधी दोन वर्षं, १८१७ साली, वाडियांनी मुंबईत सागवानात बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे जहाज पाण्यात उतरलं होतं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. क्वीक्वेगला जो माणूसपणा मेलव्हिलने मनापासून दिला, बिछाना वाटून घेण्यापासून ते त्याच्या देवासमोर बसण्यापर्यंत, त्यातला कणभर फेदाल्लाहला मिळाला नाही. मोठी पुस्तकं पुन्हा वाचताना अशी माया आणि अशी खंत दोन्ही बरोबर घ्यावी लागते.

आता अहाब. तो मला आजही आवडतो, पण त्याच्या भाषणाइतकीच त्याची व्यवस्था मला आता दिसते. डेकवरच्या त्या प्रसंगात, ३६व्या प्रकरणात, तो काय काय करतो बघा. आधी सगळ्यांना एकत्र बोलावतो. मग सोपे प्रश्न विचारतो, ज्यांची उत्तरं प्रत्येकाला येतात: देवमासा दिसला की काय करता? मग? मग? माणसं ओरडून उत्तरं देऊ लागतात आणि आपल्याच ओरडण्याने पेटतात. मग सोन्याचं नाणं सगळ्यांदेखत डोलकाठीवर ठोकतो. मग दारू फिरवतो. मग हार्पूनरांना शपथ देतो. सगळं संपल्यावर इश्माएल सांगतो की माझाही आवाज त्या ओरडण्यात होता. हॉस्टेलच्या गच्चीवर माझाही होता.

त्या गर्दीत एकटा स्टारबक विचारतो: तुमच्या सुडाची किती पिंपं भरतील, कॅप्टन? आपल्या नँटकेट बंदराच्या बाजारात त्याला काय भाव येईल? तेव्हा मला हा प्रश्न वाण्याचा वाटला होता. आता वाटतं, त्या डेकवर खलाशांच्या पोटाचा विचार करणारा तेवढा एकच प्रश्न होता. कारण या जहाजावर कुणाला पगार नाही, सगळा हिशोब वाट्यावर. इश्माएलला निव्वळ नफ्याचा तीनशेवा हिस्सा, क्वीक्वेगला नव्वदावा. तेल नाही तर पैसे नाहीत. हे अहाबलाही पक्कं ठाऊक आहे. ४६व्या प्रकरणात तो स्वतःशी हिशोब करतो की नुसत्या शपथेवर ही माणसं महिनोन्‌महिने टिकणार नाहीत, त्यांना अधूनमधून साधे देवमासे मारू द्यावे लागतील, रोख रकमेची आशा तेवत ठेवावी लागेल. वेडा माणूस असा विचार करत नाही, असं आपल्याला वाटतं. मेलव्हिल दाखवतो की करतो, आणि म्हणूनच त्याला कुणी थांबवू शकत नाही.

एका जुन्या जहाजावर आमचे चीफ इंजिनियर दापोलीकडचे होते. मेन इंजिनच्या एका युनिटच्या हाय-प्रेशर फ्युएल पाइपच्या जोडातून तेल झिरपताना मला दिसलं. मी सांगितलं, ते खाली आले, बॅटरी मारून बघितलं आणि तिथूनच वर ब्रिजला, म्हणजे कॅप्टनकडे, फोन लावला. कॅप्टनना वेळेत बंदर गाठायचं होतं, वरून संदेशांवर संदेश येत होते. हळू चालवून नेता येणार नाही का, असं त्यांचं म्हणणं. चीफ शांतपणे तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिले, इंजिन थांबवावं लागेल. फोन ठेवून मला म्हणाले, "अरे, हे तेल गरम एक्झॉस्टवर उडालं ना, की मग कुणाला विचारायची वेळच राहत नाही." थांबलो. इंजिन बंद झालं की जहाजावर जी शांतता पसरते ती काही तरी विपरीत घडल्यासारखी असते, झोपलेले खलाशीही उठून बाहेर येतात. त्या शांततेत आम्ही पाइप बदलला.

म्हणून १०९व्या प्रकरणात मी अडकलो. पण तिथे एक तिढाही आहे. स्टारबक अहाबला म्हणतो, मालक काय म्हणतील? आणि अहाब उत्तर देतो, मालकांना नँटकेटच्या किनाऱ्यावर उभं राहून वादळांशी ओरडू दे. पीक्वॉडवर मालकांचा नफा शहाणपणाच्या बाजूने होता. आमच्या जहाजावर तोच नफा कॅप्टनच्या मानगुटीवर बसून इंजिन थांबवू नका म्हणत होता. स्टारबकने बाजारावर ठेवलेला भरवसा मी ठेवू शकत नाही. मला त्याचा पाइपकडे बघण्याचा, म्हणजे पिंपाकडे बघण्याचा, डोळा हवा आहे. अहाब भिंतीवरची भरलेली बंदूक काढून त्याच्यावर रोखतो. पृथ्वीवर एक देव आणि पीक्वॉडवर एक कॅप्टन, म्हणतो. स्टारबक बाहेर जाताना सांगतो, माझी भीती बाळगू नका, अहाबने अहाबची भीती बाळगावी. आणि आश्चर्य म्हणजे अहाब ऐकतो. शिडं आवरा, पिंपं वर काढा, असा हुकूम देतो. का, ते मेलव्हिललाही नक्की सांगता येत नाही.

आणि या हुकुमातून जे निघतं ते मला पहिल्या वाचनात मुळीच दिसलं नव्हतं. वरची पिंपं धड निघतात, म्हणून माणसं खोल खोल जातात. तळाशी, त्या ओलीत आणि बुळबुळीत घाणीत, नुसत्या लोकरी चड्डीवर क्वीक्वेग राबतो. त्याला थंडी भरते, मग ताप, मग तो मरणाच्या दारात. तो स्वतःसाठी होडीसारखी शवपेटी मागतो आणि सुतार ती करून देतो. क्वीक्वेग आत झोपून बघतो, बरोबर हार्पूनचं पातं, बिस्किटं, पाणी, त्याचा छोटा देव योजो. मग त्याला किनाऱ्यावर राहिलेलं एक काम आठवतं आणि तो मरायचं रद्द करतो. पेटी उरते. तो तिच्यात कपडे ठेवतो, झाकणावर आपल्या अंगावरच्या गोंदणाच्या आकृत्या कोरतो.

पुढे १२६व्या प्रकरणात एक खलाशी पहाटे डोलकाठीवरून समुद्रात पडतो. लाइफबॉय फेकतात. तो म्हणजे एक पिंप, जहाजाच्या मागे कायम टांगलेलं. इतके महिने उन्हात तापून त्याची लाकडं आक्रसली आहेत, फटी पडल्यात. ते हळूहळू पाण्याने भरतं आणि त्या माणसाच्या मागोमाग बुडतं. मेलव्हिल यावर भाष्य करत नाही. आमच्याकडे ठरावीक दिवसांनी जीवरक्षक साहित्य तपासायचं असतं, लाइफबॉय, त्याचा दिवा, त्याची दोरी, आणि कंटाळा येतो म्हणून ते केबिनमध्ये बसून कागदावर तपासणारे लोकही असतात. ते दोन परिच्छेद त्यांना वाचायला द्यावेत. नवा लाइफबॉय करायला हलकं पिंप मिळत नाही, तेव्हा क्वीक्वेग खुणेने आपली पेटी सुचवतो. सुतार कुरकुरत झाकण ठोकतो, सांधे बुजवतो, डांबर फासतो, भोवती तीस दोऱ्या बांधतो. जहाज बुडालंच तर एका शवपेटीसाठी तीस जिवंत माणसं झोंबतील, म्हणतो.

जहाज बुडतं. पेटी वर येते आणि तिच्या आधाराने इश्माएल जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र तरंगतो. म्हणजे स्टारबकने गळतीसाठी दार ठोठावलं नसतं तर ही गोष्ट सांगायला कुणी उरलंच नसतं. सूड, भाषणं, शपथा, सोन्याचं नाणं यांतून एक माणूस वाचला नाही. गळणारं पिंप शोधायच्या कामातून एक वाचला. मेलव्हिलने हे तीन वेगवेगळ्या ठिकाणी, मधे कितीतरी पानं सोडून पेरलंय, आणि कुठेही बोट दाखवलेलं नाही. एवढ्या लांबीची कादंबरीच हे करू शकते. छोट्या कादंबरीत ही साखळी चलाखी वाटली असती.

आणि हेच पान पहिल्या वाचकांना मिळालं नाही. १८५१च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला 'द व्हेल' या नावाने तीन खंडांत जी आवृत्ती निघाली तिच्यात उपसंहारच नव्हता. समीक्षकांनी विचारलं, सगळे बुडाले तर सांगतो कोण? न्यूयॉर्कच्या आवृत्तीत उपसंहार होता, पण तिथेही पुस्तक चाललं नाही. मेलव्हिलच्या हयातीत अमेरिकेत जेमतेम तीन हजारांच्या आसपास प्रती गेल्या. तो स्वतः १८४१ साली देवमासेमारीच्या जहाजावर गेलेला आणि पुढल्या वर्षी मार्केसस बेटांवर जहाज सोडून पळालेला माणूस. नंतरची १९ वर्षं त्याने न्यूयॉर्कच्या बंदरात कस्टम्सची नोकरी केली. १८९१ मध्ये वारला. पुस्तकाचं दुसरं आयुष्य सुरू झालं ते १९२०च्या दशकात.

१३२वं प्रकरण मी घरी वाचलं. पाठलागाच्या आदल्या दिवशीचं, स्वच्छ हवा, शांत समुद्र. अहाब कठड्यावरून वाकतो आणि त्याच्या डोळ्यातून एक थेंब समुद्रात पडतो. मग तो स्टारबकशी बोलतो, पहिल्यांदाच माणसासारखा. चाळीस वर्षं समुद्रावर, त्यातली तीनसुद्धा जमिनीवर नाहीत. पन्नाशी उलटल्यावर लग्न केलं आणि दुसऱ्या दिवशी केप हॉर्नकडे निघालो. लग्नाच्या उशीवर माझ्या डोक्याचा एकच खळगा. नवरा जिवंत असून मी तिला विधवा केलं. स्टारबक म्हणतो, चला, घरी जाऊ, मलाही बायको आहे, मुलगा आहे, माझी मेरी टेकडीवर त्याला घेऊन येते माझं शीड दिसावं म्हणून. क्षणभर वाटतं, होईल. आणि अहाब नजर वळवतो.

हे मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, जमेल तसं मराठी करत. माझ्या सगळ्या करारांच्या काळात ती एकटी घर बघत होती. सॅटेलाइट फोनच्या तुटक आवाजात मुलीच्या शाळेचे प्रवेश ठरवत होती. तिने पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "त्याच्या बायकोचं नाव काय?"

मी सांगितलं, मेरी.

"ती स्टारबकची. अहाबच्या बायकोचं?"

मी मागे जाऊन शोधलं. १६व्या प्रकरणात जहाजाचा एक मालक पेलेग तिच्याविषयी बोलतो, गोड आणि सोशिक पोरगी म्हणतो, मूल झाल्याचं सांगतो. नाव घेत नाही. अहाब घेत नाही. पुढेही कुणी घेत नाही. तसं तिला सांगितलं.

"वाटलंच," ती म्हणाली, आणि म्हणाली की पुढचं वाच.